स्लॅग टाकाऊ नाही, मग तो उपसणारा टाकाऊ कसा?



पोलाद कारखान्यांच्या पाठीमागे वर्षानुवर्षे साचलेले स्लॅगचे डोंगर काँक्रीटमध्ये जिरवण्याची मोहीम देशात जोरात सुरू आहे. मंत्रीमहोदय भाषणे देतात, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर हिरव्या पानांची चित्रे छापली जातात आणि 'कचऱ्यातून संपत्ती' ही घोषणा फलकावर झळकते. या संपत्तीत वाटा कोणाचा, हे मात्र त्या फलकावर कोठेच लिहिलेले नसते. तो प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत.

आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो, म्हणजे 'युनियनवाले प्रगतीच्या आड येतात' हे ठेवणीतले रडगाणे कोणाला गावे लागू नये. स्लॅग काँक्रीटमध्ये गेलाच पाहिजे. तो जाऊ नये असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. आमचा झगडा आहे तो एका लबाडीशी. हा माल उपसायचा, थंड करायचा, फोडायचा आणि भरायचा असतो तेव्हा तो 'कचरा' असतो, आणि कचऱ्याचे काम म्हणून ते ठेकेदाराच्या पदरात टाकले जाते. तोच माल कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की 'उप-उत्पादन' होतो, त्याचे लिलाव होतात, दीर्घ मुदतीचे करार होतात. मजुरीच्या वहीत कचरा आणि विक्रीच्या वहीत माल! ही दोन नावे दोन वेगवेगळ्या माणसांना दोन वेगवेगळे हिशेब दाखवण्यासाठी ठेवली आहेत.

रेल्वे आणि टपाल कामगारांना हे कशाला सांगता, असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी जे नागपूर, गोंदिया, डोंगरगड, दुर्ग, बिलासपूर या पट्ट्यात नोकरी करतात त्यांना हे सांगायची गरज नाही. भिलाईचा रूळ याच मार्गावरून देशभर जातो. हिशेब साधा आहे. ६० किलोच्या रुळाची एक किलोमीटर लाईन टाकायची तर दोन्ही बाजूंचे मिळून १२० टन पोलाद लागते. आपल्याकडच्या खनिजात अल्युमिना जास्त आणि कोळशात राख जास्त, त्यामुळे झोतभट्टीत एक टन लोखंडामागे साधारण ३०० ते ४०० किलो स्लॅग निघतो. पुढे त्या लोखंडाचे पोलाद करताना आणखी १५० ते २०० किलो. म्हणजे जी एक किलोमीटर लाईन आपला ट्रॅकमन रोज पायी तपासतो, तिच्या मागे साठ टनांच्या आसपास स्लॅग कोठेतरी ओतला गेलेला आहे आणि कोणीतरी तो उपसलेला आहे. तो 'कोणीतरी' कोण, हे आपण आजवर विचारले नाही. शिवाय आपण राहतो ती क्वार्टर्स, उभे राहतो ते फलाट, पोस्टाच्या इमारती, पुलांचे खांब या सगळ्यांत सिमेंट आहे आणि त्या सिमेंटात दिवसेंदिवस स्लॅग वाढत जाणार आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन पोलादक्षमतेचे लक्ष्य ठेवले. त्या प्रमाणात स्लॅगही येणार.

आता वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण 'स्लॅग' या एका शब्दाखाली बाजारात तीन-चार वेगळ्या चिजा विकल्या जातात आणि सगळी फसवणूक तेथूनच सुरू होते.

पहिली चीज झोतभट्टीची. खनिजातील माती, कोकची राख आणि चुनखडी वितळून लोखंडावर तरंगणारा जो रस येतो तो हा स्लॅग. पाठ्यपुस्तकात त्याला धातुमळी म्हणतात. कारखान्यात हा शब्द आम्ही कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. हा रस जोरदार पाण्याच्या फवाऱ्याखाली झटक्यात थंड केला की त्याची काचेसारखी वाळू होते. ही वाळू बारीक दळली आणि तिला चुन्याचा किंवा सिमेंटचा संग मिळाला की ती स्वतःच सिमेंटासारखी घट्ट होते. हा गुण जर्मनीत एमिल लांगेन याने १८६२ मध्ये ओळखला, म्हणजे हे काही कालचे खूळ नव्हे. आपल्याकडे स्लॅग सिमेंटचे पहिले भारतीय मानक, आयएस ४५५, १९५३ साली निघाले, भिलाईची पहिली झोतभट्टी पेटण्याच्या सहा वर्षे आधी. या सिमेंटात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो. तोच रस पाण्याविना खड्ड्यात सावकाश निवू दिला तर त्याचा दगड होतो. तो खडी म्हणून चालतो, सिमेंट म्हणून चालत नाही.

दुसरी चीज पोलाद भट्टीची, म्हणजे एलडी कन्व्हर्टरची. हिचा स्वभाव वेगळा. हिच्यात न मुरलेला चुना आणि मॅग्नेशिया शिल्लक असतो. घरात भिंतीला चुना लावणाऱ्या कोणालाही विचारा, कळीचा चुना पाण्यात पडला की काय होते ते. तो फुगतो. काँक्रीटच्या पोटात बसलेला असा खडा सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी फुगला तर वरचा पोपडा उडवतो, तडे पाडतो. म्हणून हा स्लॅग महिनोन्‌महिने उघड्यावर पाणी मारत मुरवावा लागतो किंवा वाफेखाली ठेवून त्याचे मुरणे लवकर उरकावे लागते. खडी आणि वाळूच्या मानकाची, आयएस ३८३ ची, २०१६ मध्ये सुधारणा झाली तेव्हा ही गोष्ट आकड्यांत लिहिली गेली. लोखंडाच्या भट्टीचा स्लॅग खडी म्हणून साध्या काँक्रीटमध्ये ५० टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. पोलादाचा स्लॅग साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये शून्य. शून्य हा आकडा साथींनी लक्षात ठेवावा.

तिसरी चीज जालना किंवा रायपूरसारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळया करणाऱ्या छोट्या इंडक्शन भट्ट्यांची. तिचे रसायन या दोहोंहून वेगळे. ट्रकवाला मात्र तिन्हींना स्लॅगच म्हणतो, आणि पावतीवरही तेवढेच लिहिलेले असते.

आपल्याच काही साथींचा आक्षेप असतो की स्लॅग सिमेंट म्हणजे भेसळ, क्वार्टर्सना ते नको. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. सिमेंटचा क्लिंकर करण्यासाठी चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजावी लागते आणि एक टन क्लिंकरमागे पाऊण टनाहून जास्त कार्बन वायू आकाशात जातो. तेवढ्या क्लिंकरच्या जागी स्लॅग आला तर ती चुनखडी डोंगरात राहते, तो कोळसा वाचतो. खडी म्हणून वापरला तर टेकड्या फोडणे आणि नदीतली वाळू उपसणे कमी होते. वाळूमाफियांनी महाराष्ट्रातल्या नद्यांचे काय केले आहे ते आम्ही सांगायला नको. आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत चांगल्या स्लॅग सिमेंटचे काँक्रीट सळई उलट जास्त सांभाळते, कारण ते घट्ट असते आणि मीठ आत जाऊ देत नाही.

पण 'चांगल्या' या शब्दात सगळे आले. स्लॅग सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते. म्हणूनच रेल्वेने स्लीपरसाठी आपले वेगळे ५३-एस दर्जाचे सिमेंट ठरवले. तेथे साचा लवकर मोकळा करायचा असतो, तारांचा ताण दिवसा-दोन दिवसांत काँक्रीटवर सोडायचा असतो, आणि एका किलोमीटरला १६६० स्लीपर पुरवायचे असतात. तेथे सावकाशपणा चालत नाही. इमारतीत तो चालतो, मात्र त्याची किंमत पाण्याने मोजावी लागते. आयएस ४५६ सांगते की साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि स्लॅग किंवा राखमिश्रित सिमेंटला निदान १० दिवस पाणी मारावे. कोरड्या, उष्ण हवेत तर अनुक्रमे १० आणि १४ दिवसांची शिफारस आहे. विदर्भात मे महिन्यात चौदा दिवस पाणी मारणारा ठेकेदार कोणी पाहिला असेल तर त्याचा सत्कार करावा. पाणी मारायला एक बाई ठेवायची, तिला रोज द्यायचा, टँकर मागवायचा. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळलेला स्वस्त. मग सहा वर्षांनी क्वार्टरच्या छताची सळई उघडी पडते, साहेब पाहणीला येतात आणि दोष स्लॅगच्या माथी मारून निघून जातात. भेसळ सिमेंटात नव्हती, पाण्याच्या मजुरीत होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, तो स्लॅग यार्डातल्या माणसाचा.

तापलेला स्लॅग १४००-१५०० अंशांचा असतो. ओल्या खड्ड्यात तो पडला, किंवा वरून कोणी घाईत जास्त पाणी सोडले, की वाफ कोंडून स्फोट होतो आणि लाल गोळे चहूकडे उडतात. हे भट्टीशी काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निवलेल्या पोलादी स्लॅगची धूळ चुन्याची असते, ती घामावर बसली की कातडी भाजते, डोळ्यांत गेली तर विचारूच नका. चुंबकाने लोखंडाचे तुकडे वेगळे करणे, गोळे फोडणे, चाळणे, ढीग उलटेपालटे करून मुरवणे, डंपर आणि वॅगन भरणे ही कामे बारमाही आहेत. भट्टी दिवसरात्र चालते तर स्लॅगही दिवसरात्र येतो. तो एक दिवस उचलला नाही तर भट्टी थांबेल. ज्याच्यावाचून भट्टी थांबते ते काम हंगामी कसे?

तरी ते ठेक्यावरच. १९७० च्या ठेका कामगार कायद्याच्या कलम १० ने बारमाही कामातील ठेकेदारीवर बंदी घालण्याची सोय केली होती. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी बंदी आली की ठेका कामगार मूळ मालकाचा कामगार ठरतो. आशा वाटली. पाच वर्षांत, ३० ऑगस्ट २००१ रोजी, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला आणि सांगितले की बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. हा दुसरा खटला कोणाचा? स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचा. पोलादाच्या नावानेच हा दरवाजा बंद झाला आहे, साथींनो.

राहिलेली फट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी बुजवली. १९७० चा कायदा गेला. नवी सुरक्षा व आरोग्य संहिता मुख्य कामात ठेकेदारी नको म्हणते खरी, पण मुख्य काम म्हणजे काय याची व्याख्या वाचा. साफसफाई, चढ-उतार, वाहतूक ही कामे, आस्थापनेचा तोच धंदा नसेल तर, 'मुख्य' नाहीत. म्हणजे स्लॅग काढणे ही साफसफाई, भरणे ही चढ-उतार आणि नेणे ही वाहतूक! एवढ्यावर भागले नाही तर आणखी एक पळवाट ठेवली आहे: एखादे मुख्य काम जर रीतीने ठेकेदाराकडूनच होत आले असेल तर तेथेही ठेकेदार चालेल. ज्याने पन्नास वर्षे नियम मोडला त्याला नियम मोडण्याची रीतच हक्क म्हणून बहाल केली. शिवाय पूर्वी २० ठेका कामगारांना लागू होणारा कायदा आता ५० पासून लागू. ४९-४९ च्या टोळ्या किती होतील ते मोजत बसायचे.

टपालातील साथींना ही युक्ती नवी नाही. खेड्यात डाक वाटणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हटले गेले. १९७७ मध्ये राजम्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नागरी पदच आहे असे सांगितले. २००१ मध्ये नाव बदलून ग्रामीण डाकसेवक केले. नाव सुधारले, माणूस खात्याच्या बाहेरचाच राहिला. स्लॅगचे नाव 'कचरा' वरून 'उप-उत्पादन' झाले तेव्हा यार्डातल्या माणसाचेही असेच झाले, फरक एवढाच की त्याचे नावसुद्धा बदलले नाही.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्याविषयी आपल्या चळवळीत पुरेशी चर्चा झालेली नाही. सिमेंट उद्योगात वेतन मंडळाने फार पूर्वीच ठरवले होते की मालाची चढ-उतार सोडून बाकी कामांत ठेकेदारी नको. त्यासाठी मोठे लढे झाले. आता क्लिंकरच्या जागी स्लॅग येतो म्हणजे नेमके काय होते? चुनखडीची खाण आणि क्लिंकरची भट्टी, जेथे युनियन आहे, वेतन करार आहे, तेथले काम कमी होते. पोलाद कारखान्यातला स्लॅग यार्ड आणि रेल्वे सायडिंगशेजारची दळणाची गिरणी, जेथे मूठभर कायम आणि बाकी ठेक्यावर, तेथले काम वाढते. टनामागे कार्बन कमी होतो तसा टनामागे कायम कामगारही कमी होतो. पहिला आकडा वार्षिक अहवालात छापतात. दुसरा का छापत नाहीत? भिलाईच्याच परिसरात ठेका कामगारांचे संघटन करणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या सगळ्याच मतांशी आमचे जुळत होते असे नाही, पण ठेकेदारीचा प्रश्न पोलाद आणि सिमेंट यांच्या सांध्यावर किती ज्वालाग्राही आहे हे त्या रात्री देशाला कळले.

बरे, स्वस्त कच्च्या मालाचा फायदा निदान घेणाऱ्याला तरी मिळतो का? २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना संगनमताने भाव चढवल्याबद्दल सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. तो आदेश सुनावणीतील त्रुटीमुळे रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्या बाजाराविषयी एका सरकारी आयोगाने असे दोनदा लिहून ठेवले, त्या बाजारात अर्धा क्लिंकर काढून स्लॅग घातला म्हणून गोणीचा भाव निम्म्याने उतरेल असे कोण मानेल?

सुरतजवळ हजीरा येथे २०२२ मध्ये पोलादी स्लॅगचा एक किलोमीटरचा सहापदरी रस्ता झाला, सुमारे एक लाख टन स्लॅग त्यात गेला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने त्याची तांत्रिक बाजू सांभाळली. पुढे रायगड जिल्ह्यात डोलवीच्या कारखान्याचा स्लॅग घालून मुंबई-गोवा महामार्गाचा एक किलोमीटर तयार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वर्षानुवर्षे रखडलेल्या त्या महामार्गावरच्या एका किलोमीटरचे उद्घाटन म्हणजे कोकणी माणसाला हसावे की रडावे कळेना. पण तो प्रयोग आम्ही चुकीचा म्हणत नाही. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. स्लॅग मुरवला, तपासला, मग वापरला. आमची भीती पुढची आहे. प्रयोगाच्या एका किलोमीटरवर शास्त्रज्ञ उभा असतो. तालुक्याच्या पोस्टाच्या इमारतीवर, आडवाटेच्या स्टेशनच्या फलाटावर कोण उभा असणार? तेथे मुरवण्याच्या महिन्यांचा खर्च वाचवणारा ठेकेदार असेल, आणि ढीग उलटवणारा मजूर त्याच्या ठेकेदाराचा ठेकेदार असेल. न मुरलेला स्लॅग आणि न पोसलेला मजूर हे एकाच काटकसरीतून येतात.

म्हणून आम्ही म्हणतो की सरकारी ग्राहकाने येथे आपली ताकद वापरावी. रेल्वे आणि टपाल खाते हे काँक्रीटचे लहानसहान गिऱ्हाईक नव्हे. निविदेत सिमेंटचा दर्जा लिहिता येतो, खडीचा आकार लिहिता येतो, तर स्लॅग कोणत्या भट्टीचा आणि तो उपसणाऱ्याला कोणते वेतन, हेही लिहिता येते. स्लॅग यार्डातील बारमाही काम पोलाद कारखान्याने स्वतःच्या हजेरीपटावर घ्यावे, ते होईपर्यंत ठेका कामगाराला त्याच भट्टीवरच्या कायम कामगाराच्या किमान श्रेणीएवढे वेतन आणि तोच बूट, तोच चष्मा, तेच दवाखान्याचे कार्ड मिळावे. ज्या पुरवठादाराकडे याचा दाखला नाही त्याचा माल नाकारावा. यात कायद्याची अडचण सांगणाऱ्या अधिकाऱ्याला विचारावे की आयएस क्रमांक निविदेत घालताना कायदा आड येत नाही, मग वेतनाचा दर घालताना का यावा?

हे काम दिल्लीवर सोडून चालणार नाही. शाखांनी पीएनएमच्या पुढच्या बैठकीत आणि टपालातील साथींनी संयुक्त सल्लागार यंत्रणेत हा विषय लेखी द्यावा. नव्या क्वार्टर्सचे, फलाटाचे किंवा पोस्टाच्या इमारतीचे काम आपल्या भागात सुरू असेल तर सेक्शन इंजिनियरकडे तीन कागद मागावेत: सिमेंटच्या गोणीवरील मानकाचा क्रमांक आणि स्लॅगचे प्रमाण, पाणी मारल्याच्या दिवसांची नोंदवही, आणि खडीत पोलादी स्लॅग असेल तर त्या ढिगाची फुगवट्याची चाचणी. चाचणीच्या कागदावर ढीग कोणत्या तारखेला ओतला ती तारीख नसेल, तर ती लिहून मिळेपर्यंत सही करू नये.